रॉबर्ट बॉइल आणि न जमलेले प्रयोग

ब्युरेट

मुलाच्या अकरावीच्या गाईडमध्ये गाळलेली जागा होती: 'आधुनिक रसायनशास्त्राचा जनक ______.' त्याने लाव्हाझिए (अठराव्या शतकातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ) लिहिलं. मागे उत्तर छापलंय रॉबर्ट बॉइल. आणि त्याच गाईडच्या पुढच्या धड्यात चौकटीत लाव्हाझिएचं चित्र, खाली हीच पदवी. मुलगा म्हणाला, "आई, एकदा काय ते ठरवा की." मी म्हटलं जेवून घे.

पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. जनक कोण याचा निकाल मला लावायचा नाहीये. बॉइलबद्दल आपण शाळेत एक नियम शिकतो, दाब वाढला की आकारमान कमी होतं, आणि एक वाक्य शिकतो, 'त्याने मूलद्रव्याची आधुनिक व्याख्या दिली'. पहिलं बरोबर, दुसरं बरंचसं चूक. आणि ज्यासाठी मला हा माणूस आवडतो ते पुस्तकात नाहीच.

मी औषधांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, चोवीस वर्षं झाली. आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. वहीत व्हाइटनर दिसला तर घरी. पण माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको) एका बॅचचं रीडिंग मर्यादेच्या खाली आलं तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले होते, "ते पान जरा नीट उतरवून काढ." नीट म्हणजे काय ते मला कळलं. तेवीस वर्षांची होते. काढलं उतरवून.

म्हणून १६६१ साली कोणीतरी 'प्रयोग न जमण्याविषयी' असे चक्क दोन निबंध छापलेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. बॉइल त्यात सांगतो की औषधवाल्याकडून आणलेला माल भेसळीचा निघतो, एकाच नावाचं खनिज एका खाणीतलं वेगळं वागतं आणि दुसऱ्या खाणीतलं वेगळं, आणि म्हणून काल जमलेला प्रयोग आज जमत नाही. आमच्याकडे याला व्हेंडर बदलला म्हणतात.

माणूस गर्भश्रीमंत. १६२७ चा जन्म, आयर्लंडमधला लिझमोर किल्ला, बाप कॉर्कचा अर्ल, हा चौदावं अपत्य. पोटापाण्याची चिंता नाही, लग्न केलं नाही, बोलताना अडखळायचा, डोळे अधू म्हणून लेखनिकाला सांगून लिहून घ्यायचा. विशीत इंग्लंडमध्ये स्टॉलब्रिजच्या घरी प्रयोगशाळा थाटायला निघाला, तर लांबून मागवलेली मातीची भट्टी वाटेत फुटून आली. १६४७ साली बहिणीला पत्र लिहिलंय: आपल्याकडे जितके धर्मपंथ झालेत तितके भट्टीचे तुकडे झालेत. काचेची भांडी शाबूत, पण भट्टीवाचून काय कामाची? त्याची सुरुवातच अशी न जमलेल्या प्रयोगाची.

आता तो नियमाचा प्रयोग. पुस्तकात इंग्रजी 'जे' च्या आकाराची सुबक नळी असते, बोटभर. प्रत्यक्षात तिची उभी बाजू इतकी लांब होती की खोलीत मावेना. म्हणून जिन्यात लावली. उजेडाचा जिना निवडला, नळी दोऱ्यांनी टांगली आणि खालचा वाकडा भाग मोठ्या लाकडी खोक्यात ठेवला, कारण पारा सांडला तर वाया जायला नको. याच्या आधीची एक नळी फुटली होती. तेही लिहिलंय.

वरून पारा ओतत जायचं, आखूड बंद बाजूतली हवा किती दबते ते पाहायचं. हवेचे ४८ भाग होते तेव्हा दाब (पाऱ्याच्या उंचीत मोजलेला) २९ इंच आणि २/१६. हवा दबून २४ भाग झाली तेव्हा ५८ आणि १३/१६. १२ भाग झाली तेव्हा ११७ आणि ९/१६. आता शेजारचा रकाना बघा. त्यात त्याने 'नियम खरा असेल तर किती यायला हवं' ते छापलंय: २४ ला ५८ आणि १/४, १२ ला ११६ आणि १/२. म्हणजे शेवटच्या रीडिंगला इंचभर चूक आहे आणि ती त्याने वाचकाच्या पुढ्यात तशीच ठेवलीय. हे १६६२ साली. पान उतरवून काढलेलं नाही.

नियमाची कल्पनाही आपली म्हणून रेटली नाही. रिचर्ड टाउनली या गृहस्थाचा हा तर्क, असं नाव घेऊन सांगितलं. फ्रेंच लोक याच नियमाला मारियटचा नियम म्हणतात, पण मारियटचं लिखाण दीड दशकानंतरचं.

बाकी प्रतिसादात बोलू. स्वयंपाक राहिलाय.

खडीसाखर

मस्त लिहिलंयस ताई. पण व्याख्या 'बरंचसं चूक' कशी? आमच्या बीएस्सीच्या पुस्तकात तर वाक्यच दिलं होतं त्याचं.

टिवल्याबावल्या

वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.

ब्युरेट

@खडीसाखर, वाक्य खरंच त्याचं आहे. 'स्केप्टिकल किमिस्ट', १६६१. पण आपल्याला वाक्य दाखवतात आणि पुढचा परिच्छेद झाकतात.

हे पुस्तक म्हणजे बागेत बसलेल्या चार मित्रांच्या गप्पा आहेत. एक अ‍ॅरिस्टॉटलवाला: पृथ्वी, आप, तेज, वायू. एक किमयागारांच्या बाजूचा: सगळं काही मीठ, गंधक आणि पारा या तीन तत्त्वांचं. एक तटस्थ. आणि चौथा कार्निएडिस, तो दोघांनाही प्रश्न विचारून भंडावतो. तो म्हणजे बॉइल.

चार तत्त्वांचा लाडका पुरावा काय, तर ओलं लाकूड पेटवा. ज्वाळा दिसते ते तेज, धूर हवेत जातो तो वायू, टोकातून फसफसत पाणी येतं ते आप, उरलेली राख ती पृथ्वी. झाली चार! चुलीवर स्वयंपाक पाहिलेल्या कोणालाही पटेल असा पुरावा आहे. कार्निएडिस विचारतो, ही चार आधीपासून लाकडात होती हे कशावरून? आगीने ती सुटी केली की नव्याने घडवली? लाकूड उघड्यावर जाळलं तर राख आणि काजळी, बंद भांड्यात तापवलं तर तेल, आंबट पाणी आणि कोळसा. एकच लाकूड, एकच आग, भांडं बदललं तर 'तत्त्वं' बदलली? आणि सोनं घ्या. कितीही तापवा, त्यातून चार काय, दोनही निघत नाहीत. उलट वाळू आणि राख एकत्र तापवली की काच होते, आणि ती काच आगीने परत फुटून वाळू आणि राख होत नाही. म्हणजे आग नेहमी वेगळं करते असं नाही, कधी जोडतेही.

मग शेवटाकडे ती प्रसिद्ध व्याख्या येते: मूलद्रव्य म्हणजे साधे, भेसळ नसलेले पदार्थ, जे दुसऱ्या कशाचे बनलेले नाहीत आणि ज्यांच्यापासून बाकी सगळे बनतात. पण आधी तो सांगतो की स्पष्ट बोलणारे किमिस्ट याला जे म्हणतात तेच मी म्हणतोय. म्हणजे व्याख्या नवी नाहीच. आणि लगेच विचारतो की असे पदार्थ मुळात असतात याला पुरावा काय? त्याला स्वतःला वाटायचं की सगळं द्रव्य एकच आहे, बारीक कणांचे आकार आणि हालचाल बदलली की पदार्थ बदलतो. व्याख्या दिली ती नाकारण्यासाठी, आणि आपण ती त्याच्या नावावर सोन्याच्या अक्षरांत लावली. मूलद्रव्यांची एकही यादी त्याने दिली नाही.

माजघर

किमिस्ट आणि आपली किमया एकच ना? अरबी अल-किमिया कडून दोन वाटांनी आलेले शब्द. मजा वाटली.

नर्मदेचा_गोटा

लेख आवडला, पण ताई, तुमचा बॉइल जरा जास्तच धुतल्या तांदळाचा झालाय. दुसरी बाजू मांडतो.

एक. हा माणूस शेवटपर्यंत किमयागार होता. हलक्या धातूचं सोनं होतं यावर त्याचा विश्वास होता. चौथ्या हेन्रीच्या काळापासून, १४०४ पासून, इंग्लंडात सोनं 'वाढवण्या'विरुद्ध कायदा होता. तो १६८९ साली रद्द झाला, त्यात बॉइलचा हात होता. कायद्याची अडचण होते म्हणजे उद्योग चालू होता! तो वारल्यावर त्याच्या सोनं करायच्या तांबड्या मातीच्या कृतीवरून न्यूटन आणि जॉन लॉक यांची पत्रापत्री झालीय. प्रयोगशाळेतलं काम तो शिकला तेही जॉर्ज स्टार्कीकडून, आणि स्टार्की म्हणजे पक्का किमयागार.

दोन. सगळं उघड लिहायचा म्हणता? सोन्याच्या कामाचं सांकेतिक लिपीत लिहायचा. आणि फॉस्फरस? १६६९ च्या सुमारास हँबर्गच्या ब्रँडने लघवी आटवून अंधारात चमकणारा पदार्थ काढला आणि कृती दडवली. १६७७ मध्ये क्राफ्ट नावाच्या माणसाने लंडनला येऊन बॉइलला तो दाखवला आणि 'माणसाच्या शरीरातलंच काहीतरी' एवढंच सांगितलं. बॉइलने शोधून काढलं, आणि १६८० मध्ये कृती काय केली? सीलबंद पाकिटात घालून रॉयल सोसायटीकडे, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेकडे ठेवली. पाकीट उघडलं तो मेल्यावर.

तीन. 'प्रयोग केला' म्हणजे कोणी केला? भांड्यातली हवा उपसून काढणारा हवेचा पंप बांधला रॉबर्ट हूकने. फॉस्फरससाठी भट्टीसमोर बसला अँब्रोज गॉडफ्रे. पंप हलवणारे, पारा ओतणारे, काच फुंकणारे पगारी लोक, त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा नाहीत. पैसा आला आयर्लंडच्या जमिनींतून, आणि त्या जमिनी बापाने कशा मिळवल्या तो वेगळाच धागा होईल.

चार, हे खास आपल्यासाठी. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्यानंतरच्या वर्षांत कंपनीच्या संचालक मंडळावर कोण होता? हेच आपले बॉइल. नुसते सत्यशोधक नव्हेत, कंपनीचे भागधारक.

टिवल्याबावल्या

लघवी आटवून फॉस्फरस??? आणि हे जमवलं कोणी कोणी मिळून? सोसायटीची मीटिंग बोलवली होती का?

ब्युरेट

@टिवल्याबावल्या, गॉडफ्रेने पुढे लंडनमध्ये फॉस्फरस विकून धंदा केला. वास आला तरी पैसा आला.

@नर्मदेचा_गोटा, एकही मुद्दा खोडत नाही. दुसऱ्यावर थोडं. तुम्ही म्हणता ते सीलबंद पाकीट मला उलट ओळखीचं वाटतं. आम्ही पण तारखेची नोंद करून कृती कुलुपात ठेवतो. पण ज्याच्यासाठी त्याला आठवावं ते लिखाण उघड आहे, आणि इतकं बारीक आहे की वाचून कंटाळा येतो. हवेचा पंप घ्या. १६६० च्या पुस्तकात ४३ प्रयोग आहेत: मेणबत्ती विझली, दोरीला टांगलेल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली, उंदीर आणि पक्षी तडफडले. पण त्याआधी पानंच्या पानं पंप गळतो कुठे याची आहेत. सांध्याला काय लावलं, दट्ट्याला सॅलडवर घालायचं तेल कसं ओतलं. कोण समोर होतं त्यांची नावं: वॉलिस, वॉर्ड, रेन, तिघेही नामांकित गणिती. तत्त्वज्ञ हॉब्ज म्हणाला तुमचा पंप गळका, निष्कर्ष फुकट. लायनस नावाचा जेझुइट म्हणाला हवेला जोर वगैरे काही नसतो, अदृश्य दोरीच पारा वर ओढते. बॉइल चिडला नाही, जिन्यात नळी टांगली. तो १६६२ चा तक्ता म्हणजे लायनसला दिलेलं उत्तर आहे. विरोधक नसता तर नियम आलाच नसता.

मुंबईचं माहीत नव्हतं. धन्यवाद म्हणू की काय म्हणू कळत नाही.

माजघर

रसायनशास्त्र जेमतेम दहावीचं, पण एक विचारते. लाल-निळा होणारा तो लिटमस ह्याचाच ना?

ब्युरेट

लिटमसचा वापर आधीपासून होता, पण हो, कल्पना पक्की केली ती त्याने, १६६४ च्या रंगांवरच्या पुस्तकात. जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक औषध म्हणून मिळायचा. पांढऱ्या कागदावर त्याचा थेंब, त्यावर आम्लाचा थेंब, तांबडा. राखेच्या पाण्याचा थेंब, हिरवा. जे दोन्ही करत नाही ते तिसरं. म्हणजे पदार्थाचा वास, चव, नाव, गाव काही विचारायचं नाही, फुलाला विचारायचं. आमची अर्धी प्रयोगशाळा आजही असल्या प्रश्नांवर चालते.

आपल्याकडे निळी गोकर्ण घे. लिंबाने गुलाबी होते, सोड्याने हिरवट. आणि हळदीचं तर काय, शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो ना, तेच. कुंकू हळदीत चुन्याची निवळी घालूनच करायचे.

माजघर

अग्गं! आजी लिंबू पण घालायची त्यात. हे म्हणजे रोज हातात होतं आणि कधी विचारलंच नाही.

रानभैरी

नेहमीचंच. शोध लागला की गोऱ्याचा. आपल्याकडे पातनयंत्र, तिर्यक्पातनयंत्र (ऊर्ध्वपातनाची साधनं), मूषा म्हणजे मुशी, सगळं होतं. रसरत्नसमुच्चय या जुन्या संस्कृत ग्रंथात जस्त काढायची कृती आहे, राजस्थानात जावरला भट्ट्यांचे ढीग सापडलेत. युरोपला जस्त वेगळं काढायला अठरावं शतक उजाडलं. जनक बॉइल?

शेवंती

@रानभैरी, जावरचं खरंच आहे आणि ते छोटं काम नाही. पण ताईंच्या मुद्द्याशी थेट भिडणारं त्याहून भारी उदाहरण आपल्याकडे आहे. रसेंद्रचिंतामणी हा रसशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी त्यांच्या हिंदू रसायनाच्या इतिहासात (पहिला खंड १९०२) ते उद्धृत केलंय. ग्रंथकार सुरुवातीलाच म्हणतो: विद्वानांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं, शास्त्रांत पुष्कळ लिहिलेलं आहे, पण जे करून पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. जाणत्या गुरूंच्या समोर जे कर्म स्वतः केलं तेच इथे निःशंक सांगतो.

स्वतः केलेलंच लिहिणार, आणि साक्षीदारांच्या समोर केलेलं. वॉलिस, वॉर्ड, रेनच झाले की! मला संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी हा श्लोक फळ्यावर लिहून आम्हाला पाठ करायला लावला होता, रसायनाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

फरक असेल तर तो पुढचा. न जमलेलं कोणी लिहिलं का, आणि ते वाचून दुसऱ्या गावच्या अनोळखी माणसाने 'तुझं चुकलं' असं छापलं का? मला तसं उदाहरण सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर जरूर द्या, मला आनंदच होईल.

रानभैरी

श्लोक माहीत नव्हता. शोधतो.

ब्युरेट

शेवंती, हे सोनं दिलंस. उद्या कंपनीत फळ्यावर लिहिते.

दुपारचा_चहा

उशिरा आलो. मी लाव्हाझिए पक्षाचा. बॉइलने शंका काढल्या, बरं वाटलं. पण घर बांधलं कोणी? १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी (त्यात प्रकाश आणि उष्णताही होती, चालायचंच), नवी नावं, ऑक्सिजनचा खुलासा, आणि प्रत्येक ठिकाणी तराजू. ४ औंस पारा १२ दिवस सतत तापवत बसला होता तो. ५० घनइंच हवेतली सात-आठ घनइंच गायब, पाऱ्यावर ४५ ग्रेन तांबडं भस्म. मग ते भस्म जास्त तापवलं आणि तितकीच हवा परत मिळवली. याला म्हणतात प्रयोग. बॉइलच्या हातात ऑक्सिजन अक्षरशः आला होता आणि त्याने घालवला. कथलाचं सांगा की ताई, ते तुम्ही मुद्दाम टाळलंत!

ब्युरेट

टाळलं नाही हो, राखून ठेवलं होतं. हा सगळा धागा त्याच्यासाठीच काढला.

कल्हईवाला पाहिलाय ना? कथील जास्त तापलं की वर करडी साय धरते. ते कथलाचं भस्म. धातू जाळून राख होते, तर ती हलकी व्हायला हवी. होते जड. हे बॉइलच्या आधीपासून माहीत होतं आणि कोडं होतं.

बॉइलने कथील काचेच्या रेटॉर्टमध्ये, म्हणजे आपल्या शाळेच्या बकपात्रात घातलं, तोंड वितळवून बंद केलं आणि तापवलं. बाहेरचं काही आत जायला वाटच नाही. भस्म झालं. गार झाल्यावर तोंड फोडलं, वजन केलं, वाढलेलं भरलं. त्याचा निष्कर्ष: काच बंद होती, वजन वाढलं, तेव्हा आगीचेच कण काचेतून पार होऊन धातूत शिरले. १६७३ साली छापलं. आगीला वजन असतं!

आता त्याच अहवालातलं एक बारीक वाक्य. तोंड फोडल्यावर बाहेरची हवा आवाज करत आत शिरली, असं त्याने लिहिलंय. त्याला ते रेटॉर्ट गळकं नव्हतं याचं प्रमाण वाटलं. पण हवा आत का शिरली? आत जागा झाली म्हणून. जागा का झाली? आतली हवा कथलाने खाल्ली म्हणून. आणि वजन केलं ते हवा शिरल्यानंतर! जो माणूस हवेला स्प्रिंग म्हणाला, ज्याने पंप बांधवून घेतला, ज्याच्या नावाने हवेचा नियम आहे, त्याच्या कानाशी हवा 'सूंऽऽ' करून आत गेली आणि त्याने आगीला वजन दिलं.

लाव्हाझिएने १७७४ मध्ये हाच प्रयोग केला, बॉइलचं नाव घेऊन. फरक एवढाच की तोंड फोडायच्या आधी वजन केलं. काही बदल नाही. मग फोडलं, हवा आत गेली, आणि आता जेवढं वाढलं तेवढंच कथलाचं वाढलेलं. आग निर्दोष सुटली. (रशियात लोमोनोसोव्हने १७५६ लाच बंद भांड्याचं वजन करून पाहिलं होतं, पण ते फारसं बाहेर पोचलं नाही.)

म्हणून मला तो निकाल लावायचा नव्हता. एका वजनाची जागा चुकली आणि पुढच्या माणसाला शंभर वर्षांनी बोट ठेवता आलं, कारण कुठल्या क्रमाने काय केलं ते लिहिलेलं होतं. बॉइलने नुसतं 'कथील जाळलं, आगीला वजन असतं' एवढंच लिहिलं असतं तर लाव्हाझिए कुठे बोट ठेवणार होता?

दुपारचा_चहा

बरं. अर्धा चहा तुमचा.

नर्मदेचा_गोटा

हे मान्य. फक्त बहिणीचं नाव राहिलं. कॅथरिन, लेडी रॅनेला. १६६८ पासून शेवटपर्यंत तो लंडनला पॅल मॅलमध्ये तिच्याच घरी राहिला, प्रयोगशाळा तिच्याच घरात. तिलाही औषधांचं उत्तम ज्ञान होतं. ती २३ डिसेंबर १६९१ ला गेली, हा ३१ ला. फुटलेल्या भट्टीचं पत्र तिलाच होतं, तेव्हा तिला मान द्या.

गच्चीवरचा

धागा वाचून राहवेना, रविवारी प्रयोग केला. पारा कुठून आणणार, म्हणून गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली, १२ मीटर. एक टोक बुचाने आणि एमसीलने बंद. इमारत तीन मजली, मुक्काम पुणे.

पहिला प्रयत्न: वरून गच्चीतून नरसाळ्याने पाणी ओतलं. नळीत हवेचे बुडबुडे अडकून राहिले, रीडिंग घेता येईना, आणि टोक सुटून पाणी तळमजल्याच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. यावर अधिक लिहीत नाही.

दुसरा प्रयत्न: नळी खाली जमिनीवर पाण्याने भरून घेतली, बंद टोकाला ४८ सेंमी हवा राखली (बॉइलला नमस्कार म्हणून ४८), आणि उघडं टोक दोरीने वर ओढलं. मुलगी खाली पट्टी घेऊन. वाचने:

उंची ३ मीटर: हवा ३६.५ सेंमी
६ मीटर: २९.५
९ मीटर: २४.५

हवेचा दाब म्हणजे १०.३ मीटर पाणी धरलं तर नियमाने ३७.२, ३०.३ आणि २५.६ यायला हवं. प्रत्येक वेळी कमीच येतंय. बूच गळतंय का? साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा दिसला नाही.

ब्युरेट

अहो कमाल केलीत! १०.३ समुद्रसपाटीला. पुणे साडेपाचशे मीटर वर, तुमच्याकडे ९.७ च्या आसपास. त्याने परत हिशोब करा.

गच्चीवरचा

३६.७, २९.७, २४.९. पहिली दोन जवळजवळ बसली! शेवटचं अजून पाव-अर्धा कमी.

ब्युरेट

पाणी वापरलंत ना, नळीतल्या हवेत वाफ आहे. दाबलं की ती वाफ दबत नाही, पाणी होऊन बसते, म्हणून हवा थोडी जास्तच आकसल्यासारखी दिसते. साधारण ०.३ मीटर वजा करून बघा. पाऱ्यात ही भानगड नाही.

गच्चीवरचा

३६.४, २९.३, २४.५. 

मुलगी म्हणतेय ६ मीटरचं तिने तिरकं वाचलं असेल. परत घ्यायचं का?

ब्युरेट

घ्या. पण आधीचं खोडू नका, खाली लिहा.

टिवल्याबावल्या

कुरडयांचं काय झालं शेवटी?